टँडेमवर जोडीदार टिकत नसेल तर आधी काय तपासावं

तक्रार ठरलेली असते. टँडेम, म्हणजे दोघांनी मागेपुढे बसून चालवायची सायकल घेतली, पहिली राइड मजेत झाली, फोटो झाले. दुसऱ्या राइडला मागचा जरा गप्प. पुढे त्याला रविवारी सकाळीच घरची कामं आठवू लागतात. मग पुढचा म्हणतो, "आमचं जमत नाही," आणि नवा जोडीदार शोधायला लागतो. नव्याबरोबरही तेच होतं. सायकल शेवटी पार्किंगच्या कोपऱ्यात, कव्हरखाली जाते.

जोडीदार बदलला तरी तक्रार तीच राहत असेल, तर माणसात खोट काढण्यात अर्थ नाही. टँडेमवरच्या बहुतेक भांडणांचं मूळ स्वभावात नसतं, असं माझं ठाम मत आहे. ते क्रँकच्या (पायडल ज्याला लावलेला असतो त्या दांड्याच्या) लांबीत असतं, सीटच्या उंचीत असतं आणि न सांगता बदललेल्या गिअरमध्ये असतं. म्हणून आधी सायकल तपासायची, मग आपसातलं बोलणं, आणि माणूस सर्वांत शेवटी.

नवख्यांसाठी एवढं सांगून ठेवतो. पुढे बसतो तो कॅप्टन: हँडल, ब्रेक आणि गिअर त्याच्या हाती. मागचा स्टोकर: तो जोर लावतो, वळताना हात दाखवतो, नकाशा बघतो आणि समोर कॅप्टनची पाठ बघतो. दोघांचे क्रँक बहुधा डाव्या बाजूच्या एका साखळीने जोडलेले असतात, तिला टायमिंग चेन म्हणतात. त्यामुळे दोघांचे पाय कायम एकाच वेगाने फिरतात. एकाने पाय थांबवले की दुसऱ्याचेही थांबतात. दोघांना वेगवेगळं थांबता येईल अशा टँडेमही मिळतात, पण त्या महाग आणि आपल्याकडे फारशा दिसत नाहीत. आपल्या हातात येते ती साधी जोडलेलीच, आणि खाली दिलेल्या बऱ्याच तक्रारी या साखळीपाशी येऊन थांबतात.

"गुडघे दुखतात" आणि "हा जोरच लावत नाही"

या दोन तक्रारी एकत्र येतात. पहिली मागून, दुसरी पुढून.

समजा एक जण वर्षानुवर्षं बिनगिअरच्या सायकलवर फिरलाय. तो मिनिटाला पायडलचे ५५-६० फेरे मारतो, प्रत्येक फेऱ्याला दणकून जोर. दुसरा बीआरएमवाला (ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायच्या राइड करणारा), हलक्या गिअरवर ९० फेरे. आपापल्या सायकलवर दोघंही उत्तम चालवतात. टँडेमवर बसवले की ७५ वर दोघंही हैराण. एक सीटवर उसळतो, दुसऱ्याला चिखलातून पाय ओढल्यासारखं वाटतं. गिअर कॅप्टनच्या हातात असल्यामुळे कॅप्टन नकळत स्वतःला सोयीचा वेग धरतो आणि सोसावं लागतं मागच्याला. मागचा हे बोलून दाखवत नाही, कारण त्यालाही वाटतं की आपलीच तयारी कमी आहे.

तपासणी सोपी आहे. दोघांनी आपापल्या सायकलवर सपाट रस्त्याने नेहमीच्या चालीत जायचं. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजायचं आणि चारने गुणायचं. दोघांत पाच-सात फेऱ्यांचा फरक असेल तर सोडून द्या, तो आपोआप जुळतो. पंधराच्या पुढे फरक असेल तर तुमच्या भांडणाचं कारण सापडलं.

उपाय दोन. पहिला फुकटचा: कॅप्टनने आपली चाल, म्हणजे मिनिटाचे फेरे, स्टोकरच्या दिशेने सरकवायची, उलटं नाही. गिअर ज्याच्या हातात, जुळवून घेण्याची जबाबदारी त्याची. सवयीला काही आठवडे लागतात. दुसरा उपाय क्रँकचा. पायाला किती पळावं लागतं हे फेऱ्यांइतकंच क्रँकच्या लांबीवरही ठरतं. १५२ मिमीच्या क्रँकवर ८० फेरे मारताना पाय जेवढं अंतर कापतो, तेवढं १७० मिमीवर साधारण ७२ फेऱ्यांतच कापून होतं. म्हणजे सावकाश चाल असलेल्या किंवा बुटक्या जोडीदाराला लहान क्रँक दिला, तर त्याच टायमिंग चेनवर त्याचा पाय कमी धावतो. आखूड क्रँक शोधावे लागतात, सायकलच्या प्रत्येक दुकानात नसतात, पण जोडीदार शोधण्यापेक्षा ते सोपं आहे. क्रँक १८ मिमीने लहान केला की सीट तेवढीच वर घ्या, नाहीतर गुडघा पुरता सरळ होत नाही आणि दुखणं वेगळ्या जागी सुरू होतं.

कुठलं दुखणं कशामुळे, याचा ढोबळ ठोकताळा असा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतंय तर गिअर जड आहे किंवा सीट खाली आहे. मागच्या बाजूला दुखतंय तर सीट जास्त वर. सीटवर उसळायला होतंय तर फेरे जास्त, किंवा सीट इतकी वर की पाय टेकवायला कंबर हलवावी लागते. दुखणं राहिलंच तर डॉक्टरांकडे जा, पण सीट आधी मोजा.

आता "जोर लावत नाही" हा आरोप. पाठीमागे डोळे नसल्यामुळे कॅप्टनला हे फक्त पायातून कळतं, आणि पाय फसवतात. एकसारख्या हलक्या चढावर, गिअर न बदलता, स्टोकरने दहा फेरे पाय नुसते फिरू द्यायचे आणि मग पुन्हा जोर लावायचा. मग कॅप्टनने तेच करायचं. कोणाचा वाटा किती हे दोघांनाही कळतं. बहुतेक वेळा कॅप्टनला धक्का बसतो.

आरोप तरीही टिकला तर टायमिंग चेन बघा. ती ढिली असेल तर प्रत्येक फेऱ्यात थोडी हालचाल वाया जाते आणि पुढच्याला मागून रिकामं वाटतं. मध्यावर बोटाने दाबल्यावर चेन साधारण एक सेंटिमीटर वर-खाली व्हावी. चेन ज्यांवर फिरते त्या दात्यांच्या चकत्या तंतोतंत गोल नसतात, म्हणून क्रँक पूर्ण एक फेरा फिरवून जिथे चेन सर्वांत ताठ होते तिथे हे माप घ्या. ताण पुढच्या बॉटम ब्रॅकेटचा (क्रँकचा आस जिथे बसतो त्या भागाचा) गोळा फिरवून देतात. फार ताणलीत तर बेअरिंग करकरतात आणि पाय जड होतात. फार ढिली ठेवलीत तर चेन उतरते. बहुतेक टँडेमवर मागचे क्रँक चाकाला जोडलेले असतात, त्यामुळे टायमिंग चेन उतरली की कॅप्टनचे पाय हवेत फिरतात आणि सगळा भार एकट्या स्टोकरवर येतो.

चेन काढून पुन्हा बसवली असेल तर आणखी एक बघा. पुढचा क्रँक जमिनीला समांतर धरला की मागचाही समांतर आहे ना? एका दात्याची चूक डोळ्यांना पटकन दिसत नाही, पण दोघांचा ताल किंचित फाकतो आणि काय बिनसलंय ते कोणालाच सांगता येत नाही. काही जण मुद्दाम ९० अंशांचा फरक ठेवतात, म्हणजे एकाचा जोर ओसरताना दुसऱ्याचा चढतो आणि ओढ एकसारखी राहते. नव्या जोडीने त्या वाटेला जाऊ नये. उभं राहून चढणं आणि वळणावर पायडल वर धरणं, दोन्ही अवघड होतं.

निघतानाच झोक जातो

नवी जोडी सिग्नलला ओळखू येते. दोघं एकेक पाय जमिनीवर टेकून उभे असतात, दिवा हिरवा होतो, दोघं एकदम उडी मारतात आणि सायकल शेजारच्या रिक्षाकडे कलते. मागून हॉर्न. मग घरी जाईपर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही.

पद्धत अशी हवी. कॅप्टन दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय फाकवून उभा राहतो आणि दोन्ही ब्रेक आवळून धरतो. पाय जरा जास्तच फाकवायचे, कारण मागून पायडल फिरले की पुढचे फिरतात आणि नडगीवर बसतात. स्टोकर चढतो, सीटवर बसतो, दोन्ही पाय पायडलवर ठेवतो. सायकल सावरणं हे त्या वेळी पूर्णपणे कॅप्टनचं काम. मग स्टोकर क्रँक उलटे फिरवून कॅप्टनच्या निघायच्या पायाचा पायडल वर, थोडा पुढे आणून ठेवतो. कॅप्टन त्यावर पाय ठेवतो. "तयार?" "तयार." "चल." दोघं एकदम दाबतात, कॅप्टन सीटवर येतो, वेग आला की क्षणभर पाय थांबवून दुसरा पाय बसवतो.

थांबताना स्टोकर उतरत नाही. पाय कॅप्टन टेकवतो, स्टोकर पायडलवरच राहतो. ही एक गोष्ट जमली की सिग्नलची निम्मी कटकट संपते, कारण पुढच्या वेळी निघायला सावरायचा एकच माणूस उरतो. स्टोकरला सुरुवातीला हे भीतीदायक वाटतं आणि ते योग्यच आहे. म्हणून हे सिग्नलवर शिकू नका. सोसायटीच्या आवारात नाहीतर रिकाम्या मैदानावर, निघा-थांबा, निघा-थांबा असं कंटाळा येईपर्यंत करा.

थांबण्याआधी गिअर हलका करायला विसरू नका. डिरेलरचे (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे) गिअर पाय फिरतानाच बदलतात. दोन माणसांचं ओझं जड गिअरवर उठवणं म्हणजे पुन्हा डगमग.

शब्द आधीच ठरवा

गिअर बदलताना दोघांनीही जोर सोडावा लागतो, नाहीतर चेन खाडकन पडते किंवा अडकते. कॅप्टनला गिअर कधी बदलणार ते माहीत असतं, स्टोकरला नसतं. पाय अचानक मोकळा पडला की स्टोकरला पायरी चुकल्यासारखा हिसका बसतो. हे दर किलोमीटरला झालं तर कोण टिकेल?

त्यामुळे सांगून करायचं. शब्द छोटे आणि एकमेकांपासून वेगळे ऐकू येणारे हवेत: "हलका", "जड", "मोकळे" म्हणजे पाय थांबव, "खड्डा", "ब्रेकर", "थांबू". "जरा आता आपण पुढे वळून घेऊया का" एवढं वाक्य पुरं होईपर्यंत वळण निघून जातं. मागूनही बोलायचं असतं. पाणी पितोय, जॅकेट काढतोय, मागे वळून ट्रक बघतोय, सगळं आधी सांगायचं. वाऱ्यात पुढचं बोलणं मागे पोचतं, मागचं पुढे पोचत नाही, म्हणून स्टोकरने जरा मोठ्याने बोलावं. "ओरडू नकोस" असं कॅप्टनने म्हणू नये.

मागच्याचं बूड

ही तक्रार लोक लाजून सांगत नाहीत आणि थेट राइड टाळायला लागतात. कॅप्टन दोन चाकांच्या मधोमध बसतो, त्याला खड्डा अर्धाच लागतो. स्टोकर जवळजवळ मागच्या चाकावर बसतो, शिवाय खड्डा त्याला दिसत नाही, त्यामुळे सीटवरून उठायलाही तो तयार नसतो. म्हणून कॅप्टन मनापासून म्हणतो की रस्ता बरा होता, आणि मागच्याला वाटतं हा खोटं बोलतोय.

मागे स्प्रिंग असलेला सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) लावा. टँडेमवर पैसे घालायचे तर पहिले इथे. टायर फ्रेममध्ये बसतील तितके रुंद घ्या. आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी "मोकळे" म्हणून दोघांनी सीटवरून उठायचं. एकट्याच्या सायकलवर आपण नकळत सारखे हलतो, टँडेमवर दोघं एकमेकांना सांभाळत घट्ट बसून राहतात आणि त्यानेच दुखतं. मोठ्या ब्रेकरवर क्रँक आडवे धरून जा, खाली असलेला पायडल घासण्याची शक्यता असते.

हँडल ओढल्यासारखं वाटतं

मागे हँडल वळत नाही, पण मागचा माणूस कंबरेने सायकल वळवू शकतो. वळणावर कॅप्टन आत झुकला आणि स्टोकर भीतीने बाहेर, की पुढच्याला हँडलशी कुस्ती करावी लागते. स्टोकरने कॅप्टनच्या पाठीबरोबर झुकायचं, स्वतःहून काही करायचं नाही. पुण्यात वाढलेल्या जुन्या लोकांना हे शिकवावं लागत नाही. पोलिसाची नजर चुकवत डबलसीट फिरताना कॅरिअरवर गप्प कसं बसायचं हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. नव्या मुलांना सांगावं लागतं.

मागचं हँडल कॅप्टनच्या मांड्यांना घासत असेल तर तेही बघा. ते रुंद हवं.

घाटात उतरताना जोडीदार आयुष्यभरासाठी जातो

चढावर टँडेम रडते, सपाटीवर पळते आणि उतारावर सुटते. वजन दोघांचं, पण स्टोकर कॅप्टनच्या आडोशाला असल्याने हवेचा अडथळा दुप्पट होत नाही. त्यामुळे एकट्याच्या सायकलीपेक्षा वेग झपाट्याने वाढतो. कॅप्टनला मजा येते. मागच्याच्या हाताशी ब्रेक नसतो, समोर रस्ताही दिसत नाही.

भीती अनाठायी नाही. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना जवळपास पावणेसहाशे मीटर उंची कमी होते. दोघं मिळून १५० किलो आणि सायकल २० किलो धरली तर ही सगळी ऊर्जा साडेनऊशे किलोज्यूलच्या आसपास भरते. पावणेतीन लिटर पाणी उकळीला आणायला एवढी लागते. त्यातली काही हवा खाते, उरलेली तुमच्या ब्रेकमध्ये जाते. रिम ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, डिस्क असतील तर तापून ब्रेकची पकड कमी होते. घाट उतरायचा असेल तर मोठ्या डिस्क हव्यात, किंवा मागच्या चाकाला वेगळा ड्रम ब्रेक, जो सतत धरून ठेवता येतो. नसेल तर मध्ये थांबा, ब्रेक निवू द्या, चहा घ्या.

आणि एक नियम: उतारावरचा वेग स्टोकर ठरवणार. त्याने "कमी" म्हटलं की कमी, वाद नाही, "काही होत नाही" नाही.

जोडीदाराला दिसत नसेल तर

पुण्यात टँडेमला चांगला इतिहास आहे तो इथे. ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशन ही पुण्याची संस्था दिव्यांग आणि इतरांना एकत्र साहसी खेळात उतरवते. तिचे संस्थापक दिव्यांशू गणात्रा यांना दिसत नाही. ते २०१६ मध्ये टँडेमवर मनालीहून लडाखमधल्या खारदुंग ला खिंडीपर्यंत गेले. पॅरालिम्पिकमध्येही टँडेमच्या शर्यती असतात, पुढच्याला पायलट म्हणतात आणि पदक दोघांनाही मिळतं.

अशा जोडीदाराबरोबर वरचं सगळं तसंच लागू आहे, फक्त बोलणं थोडं वाढवा. निघण्याआधी त्यांना सायकल हाताने पूर्ण बघू द्या: चाक, सीट, पायडल, आपली पाठ किती लांब. धरून चढवू नका, हात पुढे करा, ते धरतील. खड्डा आल्यावर नव्हे, येण्याआधी सांगा. आणि आजूबाजूचं सांगा. उसाचा ट्रॅक्टर ओव्हरटेक करतोय, डावीकडे धरण लागलं. सतत रेडिओ लावल्यासारखं नाही, माणूस माणसाला सांगतो तसं. समोरचं न दिसता वावरणं ज्यांना रोजचं आहे, त्यांच्याइतका स्थिर स्टोकर मिळणं कठीण, असं मला वाटतं.

आता माणूस

वरचं सगळं करूनही जमत नसेल, तर मग जोडीदार बदलायला हरकत नाही. पण निवडताना लोक नेमकं चुकीचं बघतात. २०० किलोमीटरची बीआरएम १३ तास ३० मिनिटांच्या मर्यादेच्या कितीतरी आत संपवतो, म्हणून मित्राला मागे बसवतात. ताकदीतला फरक टँडेमवर चालतो, तीच तर तिची खुबी आहे. वेगवेगळ्या ताकदीची माणसं एकत्र पोचतात. चालत नाही तो चालीतला फरक, आणि न बोलण्याची सवय.

नवरा पुढे, बायको मागे हे गृहीत धरू नका. जड माणूस पुढे असला तर सावरायला सोपं जातं हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे गर्दीत सायकल कोणाला नीट चालवता येते. घरातली कॅप्टन ती असेल तर तिला पुढे बसवा.

पहिली राइड अर्ध्या तासाची ठेवा, सपाट आणि रिकाम्या रस्त्यावर, उजाडताना. रविवारी उशिरा खडकवासल्याकडे जाऊ नका, चौपाटीच्या कणसं-भज्यांच्या गर्दीत टँडेम वळवताना कोणाचंही नातं बिघडेल. दोन चाकांतलं अंतर पावणेदोन मीटरच्या घरात असतं, ती जागेवर वळत नाही. माप जुळत असेल तर एकदा जागा बदला, म्हणजे कॅप्टनने दहा मिनिटं मागे बसायचं. जोडीदाराला पुढे बसणं शक्य नसेल तर दुसऱ्या अनुभवी कॅप्टनच्या मागे बसा. जो कॅप्टन हे करायला नकार देतो, त्याला जोडीदार मिळूच नये.

काही फरक मात्र पाना फिरवून मिटत नाहीत. ज्याला आपल्या हातात हँडल नसणं मुळातच सहन होत नाही, त्याला मागे बसवू नका. सवयीने जाईल असं वाटतं, जात नाही. ज्याला उताराची भीती हळू जाऊनही कमी होत नाही, त्याच्याबरोबर सपाट रस्तेच ठेवा. आणि जो प्रत्येक खड्ड्याचा हिशेब घरी गेल्यावर मांडतो, त्याला एकट्याची सायकल सुचवा, गोडीत.

नवा स्टोकर आला की जुन्याची सीट काढण्याआधी सीटपोस्टवर त्या उंचीला रंगीत टेप लावा आणि नाव लिहून ठेवा. जुना परत आला तर पाच मिनिटांत निघता येतं.